अहो म्हटलं की लाल

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसू नका, पुढे जागा आहे. कीर्तनाला बसतो तसे गुडघ्याला गुडघा लागेल असे बसा, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. पूर्वरंग लांबवायची माझी सवय आहे, पण आज तो थोडक्यात उरकते आणि आख्यानाला हात घालते. आख्यान देवादिकांचं नाही, राजाराणीचंही नाही. एसटीत तीस वर्षं कंडक्टर असलेल्या एका बाईचं आहे. एका यंत्रानं तिला सांगितलं की बाई, तुमचं प्रेम चुकीच्या माणसावर बसलंय. त्यावर ती काय म्हणाली, ते सांगते.

सांगलीहून तासगावकडे जाताना कवलापूरच्या पुढे डाव्या हाताला आमचं ‘चैत्रबन’ लागतं. चाळीस वृद्ध माणसं राहतात तिथे. मी तिथली मुख्य परिचारिका. त्यामुळे ही गोष्ट ऐकीव नाही, आणि तिच्यातली पहिली चूक माझीच आहे.

आधी यंत्र समजून घ्या. ओळखीचा चेहरा समोर आला की सेकंदाच्या एक तृतीयांशात मेंदूत एक लहर उठते. ती एकाच जागी उठत नाही. चेहरा एकीकडे साठवलेला असतो, आवाज दुसरीकडे, त्या माणसाशी झालेली भांडणं आणखी कुठेतरी. हे सगळे दिवे एकदम लागतात, आणि प्रत्येक माणसासाठी दिव्यांची आरास वेगळी असते. कानामागे चिकटवायची बोटभर पट्टी ही आरास कातडीवरून टिपते. पहिल्या आठवड्यात घरच्यांचे फोटो दाखवून, जुने व्हिडिओ लावून प्रत्येकाचा ठसा घेतात. कुणाला कुठल्या शब्दानं हाक मारली जाते, तेही पट्टी ऐकून ठेवते. नंतर समोर एक माणूस असताना डोक्यात दुसऱ्याचीच आरास पेटली, तर पट्टीवरचा हिरवा ठिपका लाल होतो. ओळख चुकली.

यंत्र वाईट हेतूनं केलेलं नव्हतं. दुसऱ्या एका गावच्या निवासातले आजोबा परक्या माणसाला मुलगा समजून त्याच्या गाडीत बसून गेले, ते सापडलेच नाहीत. तसं पुन्हा होऊ नये म्हणून पट्टी आली, आणि तिनं खरोखरच माणसं वाचवली. पण एकदा हातात माप आलं की माणूस दिसेल ते मोजत सुटतो. तीन वर्षांत नियम निघाला की निवासातल्या दोघांना एकमेकांच्या सोबतीनं राहायचं असेल तर दोघांच्याही पट्ट्या सलग नव्वद दिवस हिरव्या हव्यात. लाल झाली तर ती संमती खरी धरायची नाही.

आता मंदाकाकू. मंदाकिनी खराडे, वय चौऱ्याहत्तर. त्यांचे यजमान रघुनाथराव एसटीतच ड्रायव्हर होते, सांगली–विटा गाडीवर दोघं बरोबर. ते पुढे, या मागे. बावीस वर्षांपूर्वी विट्याच्या स्टँडवर रघुनाथरावांनी गाडी फलाटाला लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर मान टाकली. एकाही प्रवाशाला धक्का बसला नाही. काकू ही हकीकत सांगताना रडत नसत, उलट ताठ होत. “गाडी लावून गेले,” म्हणत.

चैत्रबनात आल्या तरी त्यांची कंडक्टरकी सुटली नव्हती. जेवणाच्या हॉलच्या दारात कुणी घोटाळलं की मागून आवाज येई, “पुढे सरका, पुढे रिकामं आहे, दारात गर्दी नको.” भालचंद्र केंजळे हे त्या दारात नेहमी अडणारे गृहस्थ. किरकोळ अंगाचे, पंच्याहत्तरीचे. चाळीस वर्षं कीर्तनकारांच्या मागे बसून पेटी वाजवलेली. लग्न केलेलं नाही. सारखं गावोगाव फिरणं, त्यात ते राहूनच गेलं, असं म्हणायचे.

एके दिवशी काकू त्यांच्या खोलीच्या दाराशी थांबल्या.

“मास्तर, पेटी कण्हतेय तुमची.”

“भाता फाटलाय. आता असलं कातडं मिळत नाही.”

काकू गेल्या आणि आपली कंडक्टरची कातडी बॅग घेऊन आल्या. तीस वर्षं खांद्याला असलेली. मी बघत होते. त्यांनी सरळ तिच्यावर कात्री चालवली. बॅगेच्या झाकणाचा तुकडा त्यांनी भात्याला डिंकानं बसवला. मास्तरांनी सूर धरला. “काळी चार,” ते म्हणाले. “माझी पट्टी ही.”

“मला काय कळतंय पट्टीतलं,” काकू म्हणाल्या, “पण आता दम लागत नाही तिला.”

तिथून आठ महिने रोज दुपारी चारला पेटी आणि काकू. आणि मग एका दुपारी बागेत वारा सुटला होता, तेव्हा काकू सहज म्हणाल्या, “अहो, शाल घ्या अंगावर.”

मास्तरांचा हात शालीवरच थांबला. “पंच्याहत्तर वर्षांत मला असं कुणी अहो म्हटलेलं नाही,” ते म्हणाले.

“मग आता सवय करा.”

काकूंच्या कानामागचा ठिपका लाल झाला. ‘अहो’ हा शब्द, त्या लयीत, पट्टीच्या लेखी रघुनाथरावांचा होता. आणि आरासही त्यांचीच पेटली होती. माझ्या हातातल्या पडद्यावर प्रश्न आला : ओळख चुकली का? हो की नाही? दुपारच्या औषधांची गडबड होती. मी ‘हो’ दाबलं.

पुढचं सगळं त्या एका बोटानं झालं. आमच्या व्यवस्थापक देशिंगकर मॅडम. दुष्ट नाहीत, पण कागदाला फार भितात. त्यांनी काकूंना कचेरीत बोलावलं, मास्तरांकडे बोट दाखवून विचारलं, “हे कोण?” काकू म्हणाल्या, “हे होय? हे आमचे.” मॅडमनी तीनदा विचारलं, काकूंनी तीनदा तेच सांगितलं. मॅडमनी लिहिलं, ‘नाव सांगू शकल्या नाहीत.’ मास्तरांची खोली दुसऱ्या मजल्यावर गेली. दोघांमध्ये चार मीटर अंतर ठरलं. शुक्रवारी सुनावणी. तीत काकू अक्षम ठरल्या तर त्यांच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय पुण्यातल्या मुलाच्या, हेमंतच्या, सहीनं व्हायचा. आणि मास्तरांना कायमचं आमच्या इस्लामपूरच्या शाखेत हलवायचं.

दुसऱ्या दिवशी रक्तदाब बघायला गेले तर काकू खिडकीशी बसलेल्या.

“सिस्टर, बटण तुम्ही दाबलंत होय?”

“हो, काकू.”

“का?”

“पट्टी लाल झाली होती.”

“मी पाच फुटांवर होते. तोंड होतं मला. मला का नाही विचारलंत?”

मी पट्टा दंडाला गुंडाळत राहिले. शेवटी म्हटलं, “काकू, खरं सांगा. तुम्हाला ते रघुनाथराव वाटले का?”

“यांना बघितलं की त्यांची आठवण येते. रोज येते. यांनी शाल नीट घेतली नाही की त्यांचा स्वेटर आठवतो. आठवण येणं आणि चुकणं एकच असतं होय, सिस्टर? मग तुमची पट्टी बरोबर आणि मी अख्खीच चूक.”

“पण मॅडमनी विचारलं तेव्हा नाव का नाही घेतलंत?”

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी बिनतिकीट प्रवाशाकडे बघत असतील.

“नाव कसं घेऊ? तीस वर्षं डेपोत आगारप्रमुखापासून हमालापर्यंत प्रत्येकाला नावानं हाक मारली मी. ज्याचं नाव घ्यायचं नाही असा एकच माणूस होता मला. आता दुसरा झाला. तुम्ही इथल्याच ना ओ? तुम्हाला एवढं कळू नये?”

मला लाज वाटली. पट्टी बनवली दूर कुठे, बनवणाऱ्यांना कोण सांगणार की आमच्याकडे ज्याचं नाव घेत नाहीत तोच सगळ्यात जवळचा. पण मी इथलीच होते. माझी आजी जन्मभर आजोबांना ‘इकडून’ म्हणाली.

गुरुवारी एकादशी आली. दर एकादशीला तासगावचे बुवा आमच्याकडे कीर्तनाला येतात आणि पेटीला केंजळे मास्तर बसतात. मॅडमनी चार मीटर मोजून काकूंची खुर्ची शेवटच्या रांगेत लावली. पेटी वाजत होती, भात्यावरचं ठिगळ हलत होतं, आणि काकू इतक्या लांबून त्या ठिगळाकडे बघत होत्या. मी पडद्यापाशी.

बुवांनी त्या दिवशी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या भक्ताची कथा लावली. कोरडी नका खाऊ देवा, तूप घ्या, असं म्हणत धावणारा भक्त. सगळे हसले, सगळ्यांचे डोळे भरले. मग बुवा नेहमीसारखे म्हणाले, आता शेजारच्याला वाकून नमस्कार करा, म्हणा माऊली. चाळीस माणसं एकमेकांकडे वळली. जन्मात कुणाशी धड न बोललेले निवृत्त फौजदार शेजारच्या आजोबांच्या पाया पडले. “माऊली.” “माऊली.” हॉलभर तोच शब्द.

आणि माझा पडदा लाल झाला. एक ठिपका, पाच, बारा, तेहतीस. माऊली म्हणताना ज्याच्या त्याच्या डोक्यात आपली आई उजळली होती, आणि समोर तर मिशीवाला म्हातारा. यंत्राच्या हिशेबी चैत्रबनातल्या तेहतीस माणसांना एकाच मिनिटात वेड लागलं होतं.

पडदा विचारू लागला : ओळख चुकली का? मी दाबलं, नाही. पुन्हा प्रश्न. नाही. विसाव्या वेळी यंत्रानं लिहिलं, ‘सलग नकार येत आहेत. कृपया आपली स्वतःची तपासणी करून घ्यावी.’ मी हात जोडले, “माऊली” म्हटलं आणि उरलेले तेरा ‘नाही’ दाबले. मग त्या मिनिटाचा कागद छापून पर्समध्ये ठेवला. नोकरी जाईल असं वाटलं. वाटू दिलं.

शुक्रवारी सकाळी दहाला कचेरीत सुनावणी. मॅडम, मिरजेहून आलेले मेंदूचे डॉक्टर हेरवाडकर, हेमंत, काकू, मास्तर आणि मी. मास्तर चार मीटरवर, म्हणजे जवळजवळ दाराबाहेरच.

हेमंतचा चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा होता. “आई, मला राग नाही आला,” तो म्हणाला. “पण बाबांच्या जागी तू कुणालातरी...”

“जागा म्हणजे काय सीट नंबर आहे का रे? एक उठला की दुसरा बसला? तुझे बाबा सीटवर कधी नव्हतेच. ते गाडी चालवत होते.”

डॉक्टर पुढे झुकले. “खराडेबाई, मी साधं विचारतो. दाराशी उभे आहेत ते कोण आहेत? नाव सांगितलंत तर बरं होईल.”

मी मधे बोलले. विचारलं नव्हतं तरी. “डॉक्टर, त्यांच्याकडे नाव असं नुसतं घेत नाहीत. घ्यायला लावायचं असेल तर रीत आहे.”

डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं; त्यांच्याही घरी आजी असणार. ते म्हणाले, “बरं. मग बाई, उखाण्यात घ्या.”

काकू उठून उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून ओढून घेतला. धावत्या गाडीत उभं राहतात तशा पाय किंचित फाकवून उभ्या राहिल्या आणि शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या :

“रघुनाथराव उतरले विट्याला, डोळे भरून दिला निरोप,
भालचंद्ररावांचं नाव घेते, होवो कुणाचाही कोप.”

पट्टी लालभडक झाली. कचेरीत कुणीही तिच्याकडे बघितलं नाही. हेमंतनं चष्मा काढून हातात धरला. विटा म्हणजे काय, ते त्या खोलीत काकू सोडल्या तर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

डॉक्टरांनी मला बागेतल्या त्या दुपारचा, लहरींचा मूळ आलेख उघडायला सांगितला. ठिपका नको, आलेख. आम्ही तो कधी उघडतच नव्हतो. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. आधी केंजळे मास्तरांची आरास उजळली होती, पूर्ण. तिच्यानंतर, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यानं, रघुनाथरावांची, जास्त प्रखर. “माणूस चुकतो तेव्हा फक्त दुसरीच दिसते,” डॉक्टर म्हणाले. “इथे दोन्ही आहेत. यंत्राला शिकवलंय, एक चेहरा, एक ठसा. दोन दिसले की जो मोठा तो धरायचा. कुठली आठवण जागी झाली एवढंच याला कळतं. माणूस चुकलाय की नाही, ते कळत नाही.”

मी पर्समधून एकादशीचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. “तेहतीस,” म्हटलं. “माऊली म्हणाले म्हणून. आणि डॉक्टर, तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या भक्ताच्या कानामागे ही लावली असती, तर आपण त्यांना कुठल्या शाखेत पाठवलं असतं?”

डॉक्टरांनी कागदावरचे ठिपके बोटानं मोजले. मग म्हणाले, “बाई, मी लिहून देतो. तुम्ही सक्षम आहात. तुमच्या मनात गोंधळ नाही.”

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. मलाही वाटलं, संपलं. पण काकू खाली बसल्या नव्हत्या.

“आज नाही,” त्या म्हणाल्या. “उद्याचं काय?”

“म्हणजे?”

“डॉक्टरसाहेब, कालपरवा मला तासगावच्या अलीकडचा थांबा आठवला नाही. तीस वर्षं ओरडलेला थांबा. मला कळतंय काय चाललंय ते. उद्या मी खरंच विसरेन. यांचं नाव विसरेन, विटा विसरेन. त्या दिवशी पट्टी लाल होईल आणि ती खरी असेल. तेव्हा तुम्ही यांना माझ्यापासून उठवणार ना? ते चालायचं नाही. माझं डोकं गेलं म्हणून माझं माणूस न्यायचं नाही. मला जवळ कोण हवंय ते मी आज सांगतेय, धडधाकट डोक्यानं. ते तेव्हाही धरायचं. आणि तेव्हाही आधी माझ्या तोंडाकडे बघायचं, पडद्याकडे नाही. मी हात धरला तर धरू द्या. झिडकारला तर यांनी उठून जावं, मग हे असोत की कुणी असो.”

मॅडम कागद चाळू लागल्या. खरंच शोधत होत्या बिचाऱ्या. “काकू, असं लिहून घ्यायला या फॉर्मात रकानाच नाही.”

“मग आखा की.”

“असं कसं आखणार?”

काकूंनी कानामागे हात घातला, पट्टी सोलून काढली आणि टेबलावर ठेवली. “ही घ्या पट्टी. आखा.”

आतापर्यंत दाराशी उभे असलेले मास्तर चार मीटर ओलांडून आत आले. मोजून सात पावलं असतील. त्यांना कुणी थांबवलं नाही.

“माझंही लिहा,” ते म्हणाले. “त्या उद्या मला रघुनाथ म्हणाल्या, तर मी चूक दाखवणार नाही. मी ओ देईन.”

“तुम्हाला वाईट नाही वाटणार?” हेमंतनं विचारलं. त्याच्या आवाजात आता भांडण नव्हतं.

“हेमंतराव, चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या सुराला सूर दिला. कीर्तन बुवांचं, पेटी माझी. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. त्यांच्या मनात रघुनाथराव गातायत, तर मी साथ धरेन.”

हेमंतनं मॅडमच्या हातातलं पेन घेतलं. पट्टी फॉर्मावर आडवी धरली आणि रेघ ओढली. बोटभर लवचीक पट्टी ती, रेघ वाकडी आली. त्या वाकड्या रेघेखाली त्यानं आईचे शब्द लिहिले, तिच्यापुढे सहीला सरकवले, आणि आईनं सही केल्यावर साक्षीदार म्हणून स्वतःची केली.

आज नव्या छापील फॉर्मात तो रकाना आहे. रेघ अजून थोडी वाकडीच आहे. मूळ कागदावरून उचलली, सरळ करायचं कुणाला सुचलं नाही. आणि पडद्यावर लाल ठिपक्याखाली आता प्रश्न वेगळा येतो : ‘त्यांना विचारलंत का?’

दोन वर्षं गेली आणि काकू म्हणाल्या होत्या तसंच झालं. थांबे गेले, विटा गेलं, नाव गेलं. एका दुपारी त्यांनी मास्तरांकडे बघून हाक मारली, “अहो रघुनाथराव.” एक उखाणा सोडला तर जन्मभर न घेतलेलं नाव, तेही तोंडावर. मी दारातच थबकले.

मास्तर म्हणाले, “ओ.”

“गाडी सुटायला किती वेळ आहे?”

“तुम्ही डबल बेल दिलीत की सुटते.”

काकूंनी हसून पेटीच्या लाकडावर दोनदा टकटक केलं, मास्तरांनी काळी चार धरली, आणि काकूंनी त्यांचा हात धरला. तीन वर्षं रोज चार वाजता हे चाललं. पुन्हा लावलेली पट्टी लाल असायची. आम्ही कुणी धावत गेलो नाही.

गेल्या मार्गशीर्षात मास्तर गेले. मागे कुणी नाही. भाऊ नाही, पुतण्या नाही, दिवस करायला हेमंत आला. काकू आहेत. दुपारी चारला पेटीजवळ बसतात, भात्यावरच्या ठिगळावरून हात फिरवतात आणि रघुनाथरावांना हाक मारतात. हाक बरोबरच आहे. फक्त जो ओ देत होता त्याचं नाव आता त्यांच्यापाशी नाही, आणि ते जपणारं त्याच्या मागे घरचं कुणीच नाही.

म्हणून तुम्हाला एवढं जवळ बोलावलं. पुढच्या एकादशीला शेजारच्याला वाकून माऊली म्हणाल, तेव्हा काकूंच्या वतीनं ते नाव मनात घ्या. भालचंद्र विष्णू केंजळे. पेटीवाले, पट्टी काळी चार. तेवढं लक्षात ठेवा.